भिंतीला टांगलेला कमोड 2 इंच उंच बसला आहे; फोडाफोड न करता तो खाली घेता येईल का?

फरशी वाचेल, भिंत वाचणार नाही. आपला ठेकेदार ‘सवय होईल’ असे म्हणतो, हे आपण लिहिले आहे. नेमके हेच वाक्य आमच्या नागपूरच्या घरात माझ्या भाऊजींनी उच्चारले होते आणि आईला ती सवय 8 महिन्यांतही झाली नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रतापनगरातील आमच्या जुन्या घराच्या बाथरूमचे काम भाऊजींच्या देखरेखीखाली झाले. मूळ बेत जुन्या मोझॅक फरशीवरच नवी फरशी बसवण्याचा होता. मसाला धरून तळ 2 इंच वर येणार, असा हिशेब करून मिस्त्रीने भिंतीत लपणाऱ्या टाकीची लोखंडी फ्रेम (कमोड हिच्यावरच टांगतात) उभी केली आणि पुढची भिंत बांधून घेतली. मग लक्षात आले की तळ इतका वर आला तर पाणी उंबऱ्यावरून थेट दिवाणखान्यात येईल. त्यामुळे जुनी फरशी उखडून नवी तिच्याच पातळीला बसवली गेली. फ्रेमचे माप मात्र कोणी पुन्हा घेतले नाही. अशा फ्रेमवर 1 मीटरची खूण असते आणि ती तयार फरशीपासून बरोबर 1 मीटरवर यावी लागते. मिस्त्रीला विचारले तेव्हा लेव्हल पाइप हातातच धरून तो म्हणाला, “दोन सूत इकडेतिकडे चालते जी.” दोन सूत म्हणजे पाव इंच, इथे 16 सूत होते.

आईची उंची 4 फूट 9 इंच आहे. गुडघ्यामागच्या खळगीपासून टाचेपर्यंत तिचे माप साडेचौदा इंच भरते आणि सीट होती 18 इंचांवर. पाय लोंबकळत, मांड्या दाबल्या जाऊन मुंग्या येत आणि जोर करायला पायांना टेकूच नसे. जावईबापूंनी हौसेने केलेल्या कामाला नावे ठेवायची नाहीत, म्हणून ती काही बोलली नाही. मे महिन्यात, पारा 45 अंशांपुढे गेलेला असताना, भर दुपारी डोक्यावर पदर घेऊन ती परसातील जुन्या देशी संडासाकडे जाताना दिसली, तेव्हा मी टेप काढला. भाऊजींचे म्हणणे असे की हॉटेलांत हीच उंची असते आणि वय झाले की माणूसच आखूड होतो. उपाय म्हणून त्यांनी पायांखाली घ्यायला प्लास्टिकचा पाट आणून दिला. तो दुसऱ्याच दिवशी ओल्या फरशीवरून सरकला. आईच्या हाताला दाराची कडी लागली म्हणून निभावले.

फ्रेम असेल तर टाकी, बोल्ट, मैल्याचे तोंड आणि फ्लशची पट्टी हे सगळे एकत्रच खाली येते, केवळ भांडे खाली घेता येत नाही. आमच्याकडे समोरच्या टाइल्स आणि विटांचे बांधकाम काढले, फ्रेमचे पाय 2 इंच आत सरकवले, 4 इंची पाइपाचा उभा तुकडा तेवढाच कापून कोपर, म्हणजे पाइपाचा वळणाचा जोड, पुन्हा जोडला आणि पाण्याची जोडणी लांबवली. कोपर आधीच स्लॅबला टेकलेला असेल तर हा मार्ग बंद होतो, म्हणून भिंत फोडण्यापूर्वी ते पाहून घ्यावे. फ्रेम नसून भांडे 9 इंची भिंतीत रोवलेल्या लांब रॅक बोल्टवर असेल, तर टाकी जागेवर राहू शकते; बोल्टची नवी भोके आणि मैल्याचे तोंड खाली घेऊन फ्लशचा पाइप लांबवला की झाले. साडेचार इंची भिंतीवर फ्रेमशिवाय भांडे टांगणाऱ्याला मात्र घरात घेऊ नये.

आपला फरक अर्ध्या-पाऊण इंचाचा असता, तर मी आहे ती सीट काढून पातळ सीट लावून पाहा म्हटले असते, किंवा बोल्टच्या मध्यापासून काठापर्यंतचे अंतर कमी असलेले दुसरे भांडे शोधा म्हटले असते. 2 इंच अशा उपायांनी निघत नाहीत.

साधारण उंची तयार फरशीपासून सीटपर्यंत 400 ते 430 मिलिमीटर धरतात. माझे मत असे की हा आकडा पाहण्याआधी घरातील सर्वांत बुटक्या माणसाला विटांवर फळी ठेवून बसवावे आणि टाचा टेकतात का ते बघावे. आम्ही दुसऱ्या खेपेला तेच केले. 16 इंचांवर फ्रेम थांबवली आणि पातळ सीट लावून अर्धा इंच आणखी उतरवला.

एक गोष्ट राहिली. ज्यांचे गुडघे वाकत नाहीत किंवा ज्यांना चाकाच्या खुर्चीवरून सरकून बसायचे असते, त्यांना 450 ते 480 मिलिमीटर उंचीच सोयीची पडते. आपल्या घरी तसे कोणी असेल तर कमोड आहे तिथेच राहू द्यावा. आणि हेही कबूल केले पाहिजे की मी 5 फूट 10 इंचांचा असल्याने पहिल्या दिवशी त्या कमोडवर बसून ‘छान झाले आहे’ असे मीच म्हणालो होतो. भाऊजी ते अजून विसरलेले नाहीत.

बांधकाम पुरते पक्के होईपर्यंत भांडे टांगण्याची घाई करू नये. टाइल्स मात्र त्याच लॉटच्या मिळतील असे धरून चालू नका. आमच्या फ्लशच्या पट्टीभोवतीच्या 4 टाइल्स किंचित पिवळट आहेत आणि भाऊजी दिवाळीला आले की प्रत्येक पाहुण्याला त्या दाखवतात.