लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर) केमोनंतर परत आलाय, कार-टी थेरपी भारतात मिळते का? मायलोमाला (अस्थिमज्जेतला रक्ताचा कॅन्सर) पण तीच चालते का?

हो मिळते, आणि आपल्या मुंबईतच बनलीये. आयआयटी बॉम्बे आणि टाटा मेमोरियलने मिळून नेक्सकार19 नावाची कार-टी थेरपी केली, ऑक्टोबर 2023 मध्ये सरकारी मंजुरी मिळाली. पेशंटच्याच रक्तातल्या टी-सेल्स (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढतात, लॅबमध्ये त्यात नवीन जीन टाकतात म्हणजे त्या कॅन्सरच्या पेशीवरचं सीडी19 नावाचं प्रोटीन ओळखायला लागतात, मग त्या वाढवून परत सलाइनसारख्या सोडतात, त्याआधी थोडी केमो असतेच. फक्त बी-सेल (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) लिम्फोमा आणि ल्युकेमियासाठी आहे, तेही आधीचे उपचार फेल गेले असतील तर. ट्रायलमध्ये साधारण 73 टक्के पेशंटना प्रतिसाद मिळाला, पण प्रतिसाद म्हणजे कायमचा बरा असं नाही हां, काहींना परत येतो. साइड इफेक्ट पण आहेत, जोराचा ताप, बीपी पडणं, इन्फेक्शन, म्हणून ॲडमिट ठेवतात.

खर्च लाखांत जातो, परदेशात तेच कोटींत, तरी सामान्य घराला झेपणारं नाहीच हे खरं.

मायलोमाला ही चालत नाही कारण त्या पेशींवर सीडी19 बहुतेक नसतंच, तिथे बीसीएमए हे दुसरं प्रोटीन ओळखणारी लागते. अमेरिकेत बीसीएमएच्या कार-टी 2021 आणि 2022 ला मंजूर झाल्या. पण मायलोमात आधी बोर्टेझोमिब, लेनालिडोमाइड, डॅराटुमुमॅब ही औषधंच बघतात, पहिल्या दोघांची जेनेरिक आपल्याकडे बरीच स्वस्त आहेत.

रिपोर्ट घेऊन हिमॅटोलॉजिस्टलाच (रक्ताच्या आजारांचे डॉक्टर) भेटा, आणि लिम्फोमा बी-सेलचा आहे की टी-सेलचा हे पहिलं विचारा.