विचारा तर खरं! ड्यूकच्या इस्टेटीत गोल्फ

गेल्या अंकात आयर्लंडमधल्या जुन्या जमीनदारी इस्टेटींवरच्या गोल्फ कोर्सेसबद्दल चार ओळी काय लिहिल्या, प्रश्नांनी इनबॉक्स भरून गेला. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, जे परत परत आलेत तेवढे घेतेय.

प्रश्न : ताई, मुलगी डब्लिनला असते, तिच्याकडे चाललोय, गोल्फसाठी एकच दिवस मिळणार आहे. जावई म्हणतात कार्टन हाऊसला जाऊ. तिथे दोन कोर्स आहेत म्हणे, मॉन्टगोमेरी आणि ओमेरा. मॉन्टगोमेरीवर आयरिश ओपन ही मोठी स्पर्धा झालीय, मग तोच बुक करू ना?

उत्तर : काका, कार्टनला जा यात वादच नाही, पण माझं ऐकाल तर ओमेरा घ्या. आयरिश ओपन मॉन्टगोमेरीवर झालं हे खरं, २००५, २००६ आणि मग २०१३ साली, आणि टीव्हीवर पाहिलेल्या कोर्सवर आपण उभं राहायचं याची मजा मलाही कळते. पण तो कोर्स मुद्दाम समुद्रकाठच्या लिंक्ससारखा बांधलाय, म्हणजे मोकळं माळरान, भसाभस वारा, खोल बंकर (वाळूचे खड्डे), झाडं अगदी तुरळक. तसला गोल्फ खेळायचा तर मग खऱ्या समुद्रावरच जा ना, डब्लिनच्या आजूबाजूला चांगले लिंक्स आहेत की. इस्टेटीत जायचं ते इस्टेट बघायला, आणि ती दिसते ओमेरावर. अमेरिकन गोल्फपटू मार्क ओमेराने आखलेला हा पार्कलँड कोर्स, म्हणजे मऊ हिरवळ, मोठमोठी जुनी झाडं आणि मधून वाहणारी राय नदी. चौदावं, पंधरावं, सोळावं ही तीन होल्स सलग नदीकाठाने जातात, पार थ्री, पार फाइव्ह, परत पार थ्री (पार म्हणजे त्या होलला अपेक्षित फटके). तिथे स्कोअर बिघडणार हे धरूनच चला, आणि बिघडला तरी फोटो काढायला थांबा.

आता ही झाडं गोल्फसाठी लावलेली नाहीत हे लक्षात घ्या. कार्टन म्हणजे फिट्झजेराल्ड घराण्याची जागा, आधी अर्ल ऑफ किल्डेअर आणि पुढे ड्यूक ऑफ लेन्स्टर. आजचा बंगला १७३९ च्या सुमाराला रिचर्ड कॅसल्स या वास्तुकाराने उभा केला, आणि भोवतीचं उद्यान अठराव्या शतकात पहिल्या ड्यूकने आणि त्याची बायको एमिली हिने हौसेने घडवलं, नदी अडवून तळं केलं, झाडांचे घोळके लावले, मधे कुरणं सोडली. किस्सा असा सांगतात की ड्यूकने इंग्लंडच्या प्रसिद्ध उद्यानरचनाकार केपेबिलिटी ब्राउनला बोलावलं होतं, तर तो म्हणे, अजून माझं इंग्लंडच संपलं नाहीये! मग यांनी आपलं आपणच केलं, आणि काय सुंदर केलंय. तुम्ही ज्या फेअरवेवरून (होलकडे नेणारा कापलेल्या गवताचा पट्टा) चालाल ती बरीचशी या लोकांनी दिवाणखान्याच्या खिडकीतून बघण्यासाठी आखलेली जागा आहे.

आणि ही इस्टेट त्यांच्या हातची गेली कशी? तर जुगारापायी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घरातल्या तिसऱ्या मुलाला, एडवर्डला, सट्ट्याची देणी झाली. दोन मोठे भाऊ असताना आपल्याला काय मिळणार म्हणून त्याने आपला भविष्यातला हक्क हॅरी मॅलबी-डीली नावाच्या एका श्रीमंत माणसाला लिहून दिला, आणि नंतर एक भाऊ पहिल्या महायुद्धात गेला, दुसराही वारला, आणि हा स्वतः ड्यूक झाला तेव्हा हातात उत्पन्न नाही की घर नाही. १९४९ ला इस्टेट विकली गेली. हॉटेल आणि गोल्फ हे सगळं फार नंतरचं, दोन्ही कोर्स या शतकाच्या सुरुवातीचे.

जायला सोपं आहे. डब्लिनच्या कॉनली स्टेशनवरून मेनूथची लोकल, लीप कार्ड (तिकडचं बस-ट्रेनचं कार्ड) चालतं. स्टेशनपासून पुढे मात्र टॅक्सी करा, किट खांद्यावर मारून चालायचं डोक्यातही आणू नका.

प्रश्न : माझ्या बायकोला गोल्फमध्ये काडीचा रस नाही. साडेचार तास ती काय करेल?

उत्तर : तुमच्यापेक्षा तिचा दिवस चांगला जाईल, मी सांगते. आधी बंगला. आत गोल्ड सलून म्हणून दालन आहे, तिथलं छतावरचं प्लास्टरकाम लाफ्रांकिनी बंधूंचं, ग्रीक देवदेवतांची प्रेमप्रकरणं पांढऱ्या-सोनेरी उठावात. मान दुखेपर्यंत वर बघत राहावं असं काम. चायनीज रूम आहे, आणि १८४९ च्या दौऱ्यात व्हिक्टोरिया राणी कार्टनला येऊन गेली होती. बाहेर शेल कॉटेज, तिच्या आतल्या भिंतींना शिंपलेच शिंपले लावलेत, ती हौस एमिलीची. हे हॉटेल असल्याने कुठली खोली कधी बघायला मिळेल ते आधी फोन करून विचारून घ्या, लग्नबिग्न असलं की दारं बंद.

ही एमिली म्हणजे एक प्रकरणच होती. बावीस बाळंतपणं, ड्यूक गेल्यावर मुलांच्या मास्तरांशीच लग्न, आणि १७९८ च्या उठावातला लॉर्ड एडवर्ड फिट्झजेराल्ड हा तिचाच मुलगा, इंग्रज सरकारविरुद्ध उभा राहिला आणि पकडताना झालेल्या जखमांनी तुरुंगात वारला. तिची बहीण लुईसा जवळच सेलब्रिजला कॅसलटाउन हाऊसमध्ये नांदत होती, ते सरकारच्या ताब्यात आहे आणि बघता येतं, दिवस मोकळा असेल तर बायकोला तिकडेही पाठवा. आणि परत डब्लिनला आलात की लेन्स्टर हाऊस बाहेरून तरी दाखवा. तिथे आता आयर्लंडची संसद बसते, पण मूळ ते याच फिट्झजेराल्ड लोकांचं शहरातलं घर, वास्तुकारही तोच, रिचर्ड कॅसल्स.

बायको तुमच्याबरोबर कोर्सवर चालायचं म्हणत असेल तर आधी प्रो-शॉपला (कोर्सवरचं गोल्फचं दुकान) विचारा, आणि फेअरवे ओलांडताना दोन्ही बाजूंना बघायला सांगा. कुणी "फोर!" (म्हणजे बॉल येतोय, सांभाळा) ओरडलं तर वर बघायचं नाही, डोकं झाकून खाली बसायचं, हे घरूनच शिकवून न्या.

प्रश्न : झाडं दाट असली की माझा बॉल आत गेलाच म्हणून समजा, आणि तिथून माझी आठ-नऊ फटक्यांची होल्स सुरू होतात. काही उपाय?

उत्तर : आहे, पण तो हातापेक्षा डोक्याचा. आयरिश इस्टेटींवर बीच जातीचे मोठे वृक्ष भरपूर, आणि त्यांची मुळं जमिनीवर बोटं पसरल्यासारखी बाहेर आलेली असतात. बॉल दोन मुळांच्या बेचक्यात, वर बीचची जुनी पानं, आणि समोर दोन खोडांमधून ग्रीन (होलभोवतीची गुळगुळीत हिरवळ) दिसतंय. नेमका इथेच माणूस फसतो. तिथे आयर्न, म्हणजे लोखंडी काठी, मारलं तर क्लब मुळावर आपटणार आणि मनगट कामातून जाणार. सरळ अनप्लेएबल घ्या, म्हणजे बॉल खेळता येण्याजोगा नाही असं जाहीर करा, एका फटक्याची पेनल्टी, होलच्या जवळ न जाता दोन क्लबच्या (काठ्यांच्या) अंतरात बॉल ड्रॉप करा. ते जमत नसेल तर बॉल आणि होल यांच्या रेषेत मागे जा, नाहीतर आधीच्या जागी परत.

जागा स्वच्छ असेल तर सात नंबर आयर्न, बॉल उजव्या पायाकडे, अर्धा स्विंग, फांद्यांच्या खालून बाहेर. फेअरवेवर आलात की झालं, हिरोगिरी नको. आणि रफमध्ये गेलात तर लक्षात ठेवा की तिकडचं गवत मे-जूनमध्ये जाड आणि सकाळी ओलं असतं, ते क्लबच्या मानेला गुंडाळतं आणि फेस, म्हणजे क्लबचं तोंड, बंद होतो, बॉल डावीकडे पळतो. वेज (जास्त तिरप्या तोंडाचा क्लब) घ्या, पकड घट्ट ठेवा, अंतराचा मोह सोडा. हरवलेला बॉल शोधायला आता तीनच मिनिटं मिळतात, २०१९ पासून, म्हणून शंका असली की प्रोव्हिजनल (राखीव दुसरा बॉल) मारूनच पुढे निघा, मागच्या लोकांचे शिव्याशाप कशाला घ्यायचे.

प्रश्न : हँडिकॅप सर्टिफिकेट लागतं का? आणि जीन्स चालेल?

उत्तर : जीन्स नको. कॉलरवाला शर्ट, साधी पँट, सॉफ्ट स्पाइक्सचे बूट. हँडिकॅप, म्हणजे तुमच्या खेळाची पातळी सांगणारा आकडा, काही ठिकाणी विचारतात, काही ठिकाणी नाही, असेल तर मोबाइलमध्ये ठेवा. पण त्याचा खरा फायदा वेगळाच आहे आणि तो पाहुण्यांना कुणी सांगत नाही. आयर्लंडचे क्लब उन्हाळ्यात ओपन कॉम्पिटिशन ठेवतात, अधिकृत हँडिकॅप असलेल्या बाहेरच्या माणसालाही नाव घालता येतं, आणि एन्ट्री फी नेहमीच्या ग्रीन फीपेक्षा (कोर्सवर खेळायचे पैसे) बरीच कमी असते. बहुतेक वेळा स्टेबलफर्ड ही पॉइंटची पद्धत असते, म्हणजे एखादं होल वाट्टेल तसं गेलं तरी शून्य पॉइंट घ्या आणि पुढे चला. स्थानिक लोकांबरोबर चार तास गप्पा होतात ते वेगळंच. मोठ्या इस्टेटीचे पैसे परवडत नसतील तर हा मार्ग धरा. स्कोअरकार्ड मात्र नीट बघा, काही कोर्स मीटरमध्ये असतात काही यार्डात, दीडशे यार्ड समजून दीडशे मीटरला क्लब काढलात तर बॉल पाण्यात.

प्रश्न : कधी जावं? पावसाची भीती वाटते.

उत्तर : मे ते सप्टेंबर. पाऊस येणारच, पण डब्लिनची बाजू त्या देशातली कोरड्यातली आहे, पश्चिम किनाऱ्यावर कितीतरी जास्त पडतो. वॉटरप्रूफ जॅकेट आणि पँट दोन्ही न्या, नुसतं जॅकेट नेलं की पाय भिजतात आणि उरलेला राऊंड किरकिर, शिवाय जास्तीचे ग्लोव्ह ठेवा. जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या आसपास मावळतो, त्यामुळे संध्याकाळच्या ट्वायलाइट दरात निवांत अठरा होल्स होतात, पैसे वाचतात आणि त्या तिरप्या उन्हात झाडांच्या सावल्या लांबलचक पडलेल्या असतात तेव्हा कोर्स सगळ्यात देखणा दिसतो. बुक करताना ग्रीन्सचं एअरेशन कधी आहे ते विचारा, नाहीतर भोकं पाडून वाळू टाकलेल्या ग्रीनवर पटिंग करत बसाल. आणि जमीन ओली असली की बग्गी (गोल्फची छोटी गाडी) बंद ठेवतात, गुडघे दुखत असतील तर आदल्या दिवशी फोन करा.

प्रश्न : शेंगेन व्हिसा आहे, त्यावर आयर्लंड होईल का?

उत्तर : नाही. आयर्लंड युरोपियन युनियनमध्ये आहे, युरो वापरतं, पण शेंगेनमध्ये नाही. वेगळा व्हिसा काढा.

प्रश्न : २०२७ चा रायडर कप (युरोप विरुद्ध अमेरिका गोल्फ सामना) बघायला अडेअर मॅनरला जायचा बेत आहे, तेव्हाच तिथे खेळूनही घेऊ?

उत्तर : त्या आठवड्यात तुम्ही प्रेक्षक म्हणून दोरीच्या अलीकडे, विसरा खेळणं. अडेअर खेळायचं असेल तर वेगळी ट्रिप करा आणि खिसा गरम ठेवा. काउंटी लिमरिकमधली ही अर्ल ऑफ डनरेव्हनची इस्टेट, मेग नदीच्या काठी, आणि कोर्सच्या आवारातच पंधराव्या शतकातल्या फ्रान्सिस्कन मठाचे अवशेष उभे आहेत. टॉम फॅझिओने नव्याने केलेला कोर्स २०१८ ला उघडला, सतरंजीसारखा गुळगुळीत, मला विचाराल तर जरा जास्तच. रायडर कपच्या दिवसांत खेळायचंच असेल तर काउंटी किलकेनीत माउंट ज्युलिएट बघा. जॅक निक्लॉसचा पार्कलँड कोर्स, नोर नदीकाठची जुनी इस्टेट, २००२ ला टायगर वुड्स तिथे जिंकलाय. पण रायडर कपमुळे त्या आठवड्यात सगळ्या देशातले टी-टाइम (खेळ सुरू करायच्या वेळा) आणि खोल्या भरणार, तेव्हा बुकिंग आत्ताच करा.