वाचकांचे प्रश्न : क्रोममध्ये ठीक, सफारीत विस्कटलेलं

प्रश्न : साइट क्रोममध्ये व्यवस्थित दिसते. एकेक ब्राउझर उतरवून तपासत बसलो तर काम कधी संपायचं? नेमके किती तपासले म्हणजे पुरे?

ब्राउझर मोजू नका, इंजिनं मोजा. पान पडद्यावर रंगवतं ते इंजिन, आणि आज चलनात असलेली मुख्य इंजिनं तीनच आहेत. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह आणि सॅमसंग इंटरनेट यांच्या पोटात ब्लिंक, फायरफॉक्समध्ये गेको आणि सफारीत वेबकिट. म्हणजे क्रोम, एज आणि ऑपेरा पाहून ‘तीन ठिकाणी तपासलं’ म्हणणाऱ्याने एकच गोष्ट तीनदा पाहिलेली असते. आयफोनवर आणखी एक गोम आहे. तिथला क्रोम नावापुरता. युरोपीय संघासारख्या काही ठिकाणी दुसरं इंजिन वापरायला मिळालेली सवलत सोडली, तर आत वेबकिटच असतं.

संगणकावर क्रोम आणि फायरफॉक्स, हातात एक आयफोन आणि एक साधा अँड्रॉइड, एवढ्यावर बहुतेक काम भागतं. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये ‘आयफोन’ निवडून मात्र समाधान मानू नका. तिथे पडद्याचा आकार आणि ब्राउझरची सांगितलेली ओळख बदलते, इंजिन ब्लिंकच राहतं. ॲपलचं यंत्र जवळ नसेल तर प्लेराइट हे मोफत साधन विंडोज आणि लिनक्सवरही वेबकिट चालवतं. मांडणीतले बरेच दोष त्यात पकडले जातात. फोनचा कीबोर्ड आणि सरकणारी ॲड्रेस पट्टी यांच्या खोड्या तेवढ्या सापडत नाहीत.

इंटरनेट एक्सप्लोरर ११ चा आधार मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी काढून घेतला. त्याच्यासाठी ठेवलेले जुने तोडगे खुशाल काढून टाका.

प्रश्न : आयफोनवर पानाच्या तळाचं बटण ब्राउझरच्या पट्टीमागे दडतं. शिवाय फॉर्मच्या रकान्यावर बोट ठेवलं की अख्खं पान मोठं होतं.

ही दोन वेगळी दुखणी आहेत. सीएसएसमध्ये (पानाची मांडणी आणि रंग ठरवणारे नियम) तुम्ही उंची बहुधा ‘१००व्हीएच’, म्हणजे पडद्यावरच्या दिसत्या भागाच्या शंभर टक्के, दिली असणार. मोबाइलवर हे माप पट्टी आक्रसलेली आहे असं धरून काढलं जातं. पट्टी पूर्ण उघडी असली की तेवढा भाग तिच्यामागे जातो. उपाय दोन ओळींचा : आधी ‘हाइट: १००व्हीएच’, लगेच खाली ‘हाइट: १००डीव्हीएच’. क्रम उलटा करू नका. ब्राउझरला न कळलेली ओळ तो मुकाट्याने सोडून देतो आणि कळलेल्यांतली शेवटची पाळतो. ‘डीव्हीएच’ सफारी १५.४, फायरफॉक्स १०१ आणि क्रोम १०८ पासून, म्हणजे २०२२ पासून चालतं. पट्टी सरकली की हे माप बदलतं, त्यामुळे वरच्या मोठ्या चित्राला ते दिलं तर मजकूर उडी मारतो. तिथे ‘एसव्हीएच’ बरं, ते पट्टी उघडी धरून मोजलं जातं आणि बदलत नाही.

दुसरं कारण साधं आहे. रकान्यातला अक्षराचा आकार १६ पिक्सेलांपेक्षा कमी असला की आयफोन आपणहून झूम करतो. १६ करा, थांबेल. व्ह्यूपोर्टच्या (पान पडद्यावर कसं बसावं ते सांगणाऱ्या) टॅगमध्ये कमाल झूम १ लिहिण्याचा सल्लाही ठिकठिकाणी मिळतो. तो ऐकू नका, अँड्रॉइडवर त्याने कमी दिसणाऱ्यांचा झूम बंद पडतो.

प्रश्न : स्लायडरच्या मुठीला रंग दिला. वेबकिट (क्रोम-सफारीसाठी) आणि मॉझ (फायरफॉक्ससाठी), दोन्ही उपसर्ग लावले, तरी क्रोम दाद देत नाही.

दोन्ही निवडक (सिलेक्टर, म्हणजे नियम कशाला लागू ते सांगणारा भाग) स्वल्पविराम देऊन एकाच नियमात लिहिलेत ना? तिथेच घोटाळा आहे. न कळलेली ओळ एकटी गळते, पण स्वल्पविरामांच्या यादीतला एक निवडक कळला नाही तर अख्खा नियमच बाद होतो. क्रोमला ‘मॉझ-रेंज-थंब’ माहीत नाही, म्हणून त्याने तुमचा रंगही फेकून दिला. तोच मजकूर दोन स्वतंत्र नियमांत लिहा. पुनरुक्ती दिसेल, पण इलाज नाही.

प्रश्न : जावास्क्रिप्टने ब्राउझरचं नाव ओळखून वेगळी सीएसएस द्यावी का?

नको. क्रोम स्वतःची ओळख सांगताना ‘मॉझिला’ही म्हणतो आणि ‘सफारी’ही. नावाऐवजी सोय तपासा. सीएसएसमधला ‘@सपोर्ट्‌स’ त्यासाठीच आहे.

प्रश्न : देवनागरी शीर्षकं एका यंत्रावर छान, दुसऱ्यावर मात्रा कापलेल्या.

फाँट सोबत दिला नाही तर विंडोज निर्मला वापरतं, ॲपल कोहिनूर, अँड्रॉइड नोटो, आणि तिघांची उंची निराळी. फाँट साइटबरोबरच पाठवा. ओळीची उंची एककाशिवाय १.६ च्या आसपास ठेवा. बटणांना पिक्सेलांत उंची न देता पॅडिंग (आतली मोकळी जागा) द्या. अक्षरांमधलं अंतर शून्यच असू द्या, वाढवलं की शिरोरेषा तुटते.