सर्व्हर अॅक्सेसचे पैसे कशाला?

प्रश्न : ताई, मी मूळचा लातूरचा. बी.एस्सी. झालंय, पुण्यात कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहतो. 'सर्व्हिसनाऊ' (कंपन्यांतल्या तक्रारी, कामं हाताळायचं सॉफ्टवेअर) शिकायला क्लास बघितलाय, पण फीखेरीज 'सर्व्हर अॅक्सेस'चे, म्हणजे सरावाच्या लॉगिनचे, वेगळे पैसे मागतायत. रूममेट म्हणतो हे फुकट मिळतं. त्याचंच सगळं काम मात्र एकदा उडालं होतं. काय करू?

उत्तर : शिकवणं चांगलं असेल तर क्लास लाव. अॅक्सेसचे पैसे देऊ नकोस. सर्व्हिसनाऊच्या डेव्हलपर साइटवर ईमेलने खातं उघड आणि इन्स्टन्स, म्हणजे सरावासाठी सर्व्हिसनाऊची तुझी स्वतंत्र प्रत, मागव. त्यालाच सगळे पीडीआय म्हणतात, म्हणजे पर्सनल डेव्हलपर इन्स्टन्स. अॅडमिनचा पासवर्ड तुझ्या हातात येतो. क्लासवाले बहुतेक एकच लॉगिन आख्ख्या बॅचला वाटतील. मग तू सकाळी लिहिलेली बिझनेस रूल (आपोआप चालणारा नियम) दुपारी कुणीतरी बदलणार, आणि चूक तुझी की त्याची हे शोधण्यात संध्याकाळ जाणार.

रूममेटचं काम का गेलं असेल, याचा अंदाज आहे. सलग १० दिवस वापर झाला नाही तर कंपनी पीडीआय परत घेते, आतल्या सगळ्यासकट. दिवाळीला गावी गेलास की संपलं! फुकटच्या जागेवर हक्क सांगता येत नाही. मायक्रोसॉफ्टही ३६५च्या डेव्हलपर प्रोग्रॅममध्ये २५ लायसन्सचा सँडबॉक्स, म्हणजे सरावाची जागा, सहज द्यायची. २०२४च्या सुरुवातीपासून तो मुख्यतः व्हिज्युअल स्टुडिओ या प्रोग्रॅमिंगच्या साधनाचं पैसे भरून सबस्क्रिप्शन घेणाऱ्यांपुरता राहिला.

म्हणून काम बाहेर काढून ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लाव. प्रत्येक सरावासाठी नवा अपडेट सेट कर, म्हणजे तू केलेले बदल ज्यात जमा होतात तो गठ्ठा. आधीपासून असलेल्या 'डिफॉल्ट' सेटमध्ये काम करत राहिलास तर नंतर त्यातून आपलं वेगळं काढताना जीव जातो. काम झालं की सेट 'कम्प्लीट' कर, एक्सएमएल उतरवून घे आणि ड्राइव्हवर टाक. नव्या इन्स्टन्समध्ये ती फाइल इम्पोर्ट, मग प्रिव्ह्यू, मग कमिट. इथे एक मेख आहे. अपडेट सेटमध्ये फॉर्म, स्क्रिप्ट, नियम येतात. तू भरलेली इन्सिडेंट तिकिटं किंवा युजर येत नाहीत. ते यादीतून वेगळे एक्सएमएल करून घ्यावे लागतात. स्वतःचं स्कोप्ड अॅप (बाकीच्यांपासून वेगळं राखलेलं अॅप) बांधायला लागलास की सरळ गिटला, म्हणजे कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनाला, जोड.

पीडीआयमध्ये एबेल ट्यूटर, बेथ अँग्लिन असे नमुन्याचे युजर आधीच असतात. त्यांची चेष्टा करू नकोस, ते कामाचे आहेत. अॅडमिनला सगळंच दिसतं, त्यामुळे नव्या मुलांना आपलं काम बरोबरच वाटतं. 'इम्पर्सोनेट' करून, म्हणजे त्याच्या नावाने आत शिरून, एबेल हो आणि मग तो फॉर्म उघडून बघ. एबेल साधा कर्मचारी, बेथकडे सपोर्टवाल्याचे अधिकार. दोघांना वेगळं दिसायला हवं. उद्या नोकरी लागली तरी ऑफिसमधली खरी नावं, फोन नंबर सरावासाठी इथे आणू नकोस. एबेल-बेथवर भागव.

आणि हो, काही तास वापर नसला की पीडीआय झोपतो. मुलाखतीत काम दाखवायचं असेल तर कॉलच्या थोडं आधी उठवून ठेव. स्क्रीन शेअर केल्यावर उठवायला गेलास तर समोरचे गोल फिरणारं चक्र बघत बसतील.