पहिल्यांदा आपला आवाज समाजमाध्यमांवर टाकताना

तुम्ही नागपूरकडचे, आपले बोलणे ध्वनिमुद्रित करून समाजमाध्यमांवर टाकू पाहता, पण स्वतःचा आवाज ऐकून संकोच वाटला, असे तुम्ही कळवले आहे. तो संकोच बहुतेकांना वाटतो आणि त्याचे कारण अगदी साधे आहे. बोलताना आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो, तसाच कवटीच्या हाडांमधूनही पोहोचतो आणि त्यामुळे अधिक भरदार भासतो. ध्वनिमुद्रणात केवळ हवेतला भाग उरतो, म्हणून तो पातळ आणि परका वाटतो. इतरांच्या मात्र तो रोजच्या ओळखीचाच असतो.

खुल्या खात्यावर येण्याआधी व्हॉट्सॲपवर दोन-तीन जवळच्या माणसांना मिनिटभराचे बोलणे पाठवा. २०२३ पासून तेथे एकदाच ऐकता येईल असा निरोप पाठवण्याची सोय आहे, पण दुसऱ्या फोनवर तो टिपून घेता येतो, हे विसरू नका.

नवखे लोक हमखास करतात त्या चुका अशा:

- लिहून काढलेले वाचणे. मुद्दे टिपून बोलावे.
- ‘येऊन राहिलो’ हे तोंडात बसलेले असताना ओढूनताणून पुणेरी बोलणे. आपले नागपुरी वळण राहू द्या. माझ्या मते गोडी त्यातच आहे.
- कूलर चालू ठेवून ध्वनिमुद्रण करणे. मे महिन्यात तो बंद करा म्हणणे क्रूरपणाचे आहे, म्हणून पहाटेची वेळ निवडा.

महागड्या माईकचा विचार आताच नको. मात्र एक सावधगिरी हवी: समाजमाध्यमांवर टाकलेल्या थोड्याशा नमुन्यावरूनही कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने आवाजाची नक्कल करता येते. तेव्हा तुमच्या आवाजात कोणी फोनवर पैसे मागितले, तर आधी तुमच्या नेहमीच्या क्रमांकावर उलट फोन करावा, असे घरच्यांना सांगून ठेवा.