उघडीप

पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा परवाचा मेसेज वाचला. "काकू, आज एकविसावा दिवस. या गावाला सूर्य माहीत तरी आहे का?" आधी हसू आलं, मग जरा पोटात कालवलं. माझ्या इथल्या पहिल्या नोव्हेंबरात मीही असेच दिवस मोजत होते, वहीच्या मागच्या पानावर रेघा ओढून. फोनवर उत्तर दिलं असतं, पण फोनवर तू "हो काकू, हो काकू" करतेस आणि विषय बदलतेस. म्हणून पत्र.

पहिलं म्हणजे मोजणी बंद कर. त्या खेळात नॉर्वेच्या या बर्गनशी कोणी जिंकत नाही. इथे वर्षातले दोनशेहून जास्त दिवस पावसाचे. २९ ऑक्टोबर २००६ ला धरलेला पाऊस २१ जानेवारी २००७ पर्यंत एकही खाडा न करता पडला. सलग ८५ दिवस! तुझे एकवीस कुठे बसतात बघ.

यात कोणाचा खोडसाळपणा नाही. अटलांटिकवरून पश्चिमेचं ओलं वारं येतं, गावाभोवतीच्या डोंगरांना अडतं, वर चढतं, गार होतं आणि बरोबर आणलेलं सगळं आपल्या डोक्यावर रितं करतं. त्याच समुद्रातल्या उबदार प्रवाहामुळे, आपण साठ अंश उत्तरेला असूनही, इथलं बंदर गोठत नाही. ऊब हवी तर तिच्याबरोबर हेही घ्यावं लागतं. आणि गंमत सांगू? वर्षभराचं पाणी मोजलंस तर मुंबई आणि बर्गन साधारण सारखेच भरतात. पण मुंबईचा पाऊस चार महिन्यांत काम उरकून निघून जातो. इथला कायम नोकरीवर आहे.

तुझी अडचण इथेच आहे असं मला वाटतं. तू अजून मनानं पाऊस संपायची वाट बघतेस. "थांबला की डोंगरावर जाईन, थांबला की बंदरावर जाईन." मी दोन वर्षं तेच केलं. जूनमध्ये एकदाचं लख्ख ऊन पडलं, तेव्हा राहिलेलं सगळं एका दिवसात उरकायला निघाले. फ्लॉयेन डोंगरावर जाणाऱ्या रेल्वेला ही रांग, मासळीबाजारात ती गर्दी. रात्री अकरालाही बाहेर उजेड होता आणि मी सुजलेले पाय बादलीत घालून बसले होते. त्या दिवसातलं आज काय आठवतं? पुढच्या माणसाची पाठ.

आता जरा पावसाकडेच बघ. तुझ्याजवळ त्यासाठी भांडवल आहे आणि तू ते वापरत नाहीस. मेसेजमध्ये नुसतं "पाऊस" लिहितेस. कुठला पाऊस? चष्म्यावर बसते पण कानाला कळत नाही ती भुरभुर. खिडकीशी दिवसभर कुरकुरत राहते ती रिपरिप. समुद्रावरून आडवी येऊन थोबाडीत मारते ती झड. छत्रीची खरी वैरीण तीच. वादळाच्या दुसऱ्या दिवशी बंदराजवळच्या कचरापेट्या पाहिल्यास ना, काड्या वर करून पडलेल्या छत्र्यांच्या? त्यात माझ्या तीन आहेत. आठवडाभर एवढंच कर: बाहेर पाऊल टाकताना आजच्या पावसाला त्याचं नाव दे. नाव शोधायचं तर बघावं लागतं, दुसरा इलाजच नाही.

एक शब्द त्यांच्याकडूनही घे. हवामानाच्या बातम्यांत "ओपहोल" ऐकलं असशील. पाऊस मध्येच थांबतो, ती मधली वेळ. म्हणजे आपली उघडीप. आता तुझं राहण्याच्या परवान्याचं कार्ड आठव. त्यासाठी जो लांबलचक नॉर्वेजियन शब्द तू धडपडत उच्चारत होतीस, त्याच्या सुरुवातीला हाच ओपहोल बसलाय! त्यांच्या भाषेत राहणं आणि पाऊस थांबणं याला एकच शब्द. हे मला कळलं त्या दिवशी मी बसमध्ये एकटीच हसत होते. समोरचा बाप्या खिडकीबाहेर बघायला लागला.

उघडीप इथे दहा मिनिटांची असते, कधी चार. तेवढ्यात डोंगराच्या खांद्यावरचा ढग फाटतो, खालची पांढरी लाकडी घरं एकदम धुऊन वाळत घातल्यासारखी दिसतात, आणि फुटपाथवरची माणसं चालता चालता हळू होतात. कोणी काही बोलत नाही. टोप्या मात्र मागे जातात.

यापुढचं माझं म्हणणं तुला कंटाळवाणं वाटेल. गाव बघत फिरू नकोस. एक गल्ली धर. नॉर्डनेस भागात अशा चिक्कार आहेत, दोन माणसं अंग चोरून जातील एवढ्या. इथले लोक त्यांना स्मॅउ म्हणतात. माझी गल्ली सत्तावीस पायऱ्यांची. चौथ्या पायरीला कोपऱ्यात शेवाळ आहे, ओंजळभर. ते भुरभुरीत हिरवं दिसतं आणि झडीनंतर जवळजवळ काळं. वाकून पाहिलंस तर त्यातून केसाएवढे तांबूस देठ वर आलेत, प्रत्येकाच्या टोकाला बारीकशी बोंडी आणि बोंडीला लटकलेला एक थेंब. त्या थेंबात समोरच्या खिडकीतला दिवा उलटा दिसतो. हे दिसायला मला किती दिवस लागले असतील? पहिला सबंध हिवाळा मी त्याच पायरीवरून रोज दोनदा गेले आणि मला फक्त "निसरडं आहे" एवढंच दिसलं.

तो खिडकीतला दिवाही बघ. इथे लोक पडदे ओढत नाहीत फारसे, आणि खिडकीत दिवा ठेवतात तो निम्मा रस्त्यासाठी असतो. डिसेंबरात साडेतीनला अंधार पडतो तेव्हा ओल्या दगडी फरसबंदीवर तो पिवळा उजेड असा पसरतो की कोरड्या गावात काही केल्या पसरणार नाही. पावसानं गल्ली दोनदा उजळते, एकदा वर आणि एकदा पायाखाली.

गल्ल्या इतक्या अरुंद आणि मध्येच एखादा रस्ता एवढा ऐसपैस का, हा प्रश्न तू विचारला होतास. ते रुंद रस्ते आगीसाठी, एका बाजूची आग दुसरीकडे जाऊ नये म्हणून. एवढ्या पावसाचं गाव, पण सगळं लाकडाचं, त्यामुळे भ्यालं ते आगीला. १७०२ मध्ये बहुतेक गाव जळलं, १९१६ मध्ये मधला मोठा भाग, आणि १९५५ मध्ये बंदरावरच्या ब्रिग्गेनच्या जुन्या वखारींचा एक तुकडा. त्या शेवटच्या जळक्या जागेवर खोदकाम झालं तेव्हा ओल्या मातीत टिकून राहिलेल्या, रुनी, म्हणजे इकडच्या जुन्या लिपीतली, अक्षरं कोरलेल्या शेकडो लाकडी पट्ट्या हाती लागल्या. मला वाटायचं, मंत्रबिंत्र असतील. काहींवर आहेतही. पण बऱ्याच म्हणजे मालावर बांधायच्या नावाच्या चिठ्ठ्या, आणि एकीवर मध्ययुगातल्या कोणीतरी लिहिलंय: गीदा म्हणते, घरी ये.

बस, एवढंच. ज्याला हे लिहिलं तो कुठल्या गुत्त्यात बसला होता, बाहेर झड होती की रिपरिप, काही कळत नाही. मागच्या बाजूलाही काही खरडलंय, पण त्याचा अर्थ लागत नाही. मला वाटतं हात थरथरत असावा. ब्रिग्गेनच्या संग्रहालयात जा आणि त्या पट्ट्यांसमोर निवांत उभी राहा. राजांच्या वस्तूंपेक्षा मला त्या गीदाचं जास्त वाटतं. तिनं जेवण झाकून ठेवलं असेल.

आता व्यवहाराचं, थोडक्यात. छत्री घेऊ नकोस, चांगला रेनकोट घे, आणि आत लोकर. सुती जीन्स एकदा भिजली की रात्रीपर्यंत सूड घेते. इथल्या आज्या नावात "र" असलेल्या महिन्यांत कॉड माशाच्या यकृताचं तेल चमचाभर पितात; सप्टेंबर ते एप्रिल, सगळ्यांत "र" येतो. चव भयंकर आहे. पी. आणि हे नीट ऐक: सकाळी उठवत नसेल, जेवावंसं वाटत नसेल, असं दोन-तीन आठवडे चाललं, तर शेवाळ बघत बसू नकोस, तुझ्या ठरलेल्या डॉक्टरांकडे जा. अंधाराचा त्रास खरा असतो. तो थेंबाबिंबांनी जात नाही. मी उगाच ताणलं होतं तेव्हा, एक वर्ष.

मे महिन्यात रोडोडेंड्रॉन फुलतील, पोरांची पथकं गल्ल्यांतून ढोल बडवत जातील आणि तू मला "काकू, झोपू देत नाहीत" म्हणून फोन करशील. ते तेव्हा बघू. या शनिवारी दोननंतर ये. दालचिनीचे बन करते, इथले शिलिंगबोले. उशीर करू नकोस, उजेड असताना तुला चौथी पायरी दाखवायची आहे. रेनकोट दाराबाहेर झटकून आत ये, मागच्या वेळेस पॅसेजमध्ये तळं झालं होतं.

तुझी,
काकू

ता. क. तुझी मोडकी छत्री माझ्याकडेच राहिलीय. काड्या काढून टाकल्या आणि कापड सायकलच्या सीटवर बांधलंय. अगदी बेतात बसलं.