अनलेडेड पेट्रोल, शर्यतीची एमजीबी आणि घटणारा टॅपेट गॅप

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. ब्रिटनमध्ये जुनी एमजीबी (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) शर्यतीला उतरवताय, दर शर्यतीनंतर एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा (जळालेला वायू बाहेर सोडणारी झडप) टॅपेट गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या रॉकरमधली फट, कमी भरतोय आणि मित्र म्हणतोय, ऑक्टेन बूस्टर (नॉकिंग रोखणारं रसायन) टाक. हेच दुखणं मी भोगलंय.

नुसत्या बूस्टरने हे थांबणार नाही. पूर्वी पेट्रोलमध्ये असलेलं शिसं नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक) रोखायचंच, शिवाय त्याच्या संयुगांचा पातळ थर एक्झॉस्ट सीटवर, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कड्यावर बसायचा. अनलेडेड, म्हणजे शिसं नसलेल्या पेट्रोलमुळे तो थर गेला की तापलेला व्हॉल्व्ह बिडाच्या सीटला क्षणभर चिकटतो, कण उपटतो, सीट खचते आणि व्हॉल्व्ह हेडमध्ये (इंजिनचा वरचा, व्हॉल्व्ह बसवलेला भाग) वर सरकतो, म्हणून गॅप घटतो. आपल्या ॲम्बेसेडरचं १४८९ सीसीचं इंजिनही एमजीबीच्याच बी-सिरीज इंजिन-घराण्यातलं. पण ‘काकांची ॲम्बेसेडर २००० नंतर, शिसं बंद झाल्यावरही सुखात चालली’ हा दाखला देऊ नका. सावकाश चालणारी गाडी वेगळी, फुल थ्रॉटलवर लॅप मारणारी वेगळी.

मला सगळ्यात महाग पडलं ते शर्यतीच्या संयोजकांचं तांत्रिक कार्यालय. सीट वाचवणारं ॲडिटिव्ह (पेट्रोलमध्ये टाकायचं रसायन) चालेल का, एवढंच लेखी विचारलं होतं. उत्तर काय, तर ‘नियमावली पाहा’. नियमावलीत फक्त ‘पंपावर मिळणारं इंधन’! पुन्हा विचारलं, तर दुसऱ्या टेबलाकडे बोट. अपात्र ठरायची भीती, म्हणून सगळा सीझन ॲडिटिव्हविना काढावा लागला. मधल्या दोन एक्झॉस्ट सीट इतक्या खचल्या की इन्सर्टसाठी (सीटच्या जागी बसवायचं वेगळं कडं) खाच पाडताना कटर थेट पाण्याच्या जॅकेटमध्ये, म्हणजे हेड थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पोकळीत शिरला. हेड भंगारात गेलं आणि त्यानंतर ‘परवानगी आहे’ असं पत्र आलं. एका ओळीच्या उत्तराला इतका वेळ लागावा, याचा संताप अजून जात नाही.

माझं ठाम मत: बाटल्यांवर पैसे घालवू नका, एक्झॉस्टला कडक सीट इन्सर्ट बसवून घ्या. इनलेटला (इंधन आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला) सहसा गरज नसते. मी इंजिनिअर नाही, तुमचं हेड आधी कुठवर कापलंय हे मशीन शॉपला मोजायला लावा. विमानाचं १०० एलएल पेट्रोल मिसळायचा सल्ला कोणी देईल. त्यात शिसं भरपूर असतं, रस्त्यावर ते बेकायदा आहे आणि हाताला लागलेलं वाईटच.

जाता जाता, तिथलं साधं ९५ पेट्रोल २०२१ पासून ई१० (१० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं) आहे. जुने रबरी पाइप बदलले नसतील तर आधी ते बदला.

पुढच्या वेळी पुढून चौथ्या आणि पाचव्या व्हॉल्व्हचा गॅप वेगळा लिहून ठेवा. दोन्ही एक्झॉस्ट, एकाच पोर्टमध्ये (वायू बाहेर जायच्या मार्गात) उघडणारे, सर्वांत तापणारे. आकडे इथे टाका, मी पाहतो.